खाला आधी पाणी मागायची

जागा बघायला गेल्यावर जैबूखाला जागेकडे बघायचीच नाही. रिक्षातून उतरायची, काळी छत्री उघडायची आणि प्लॉटकडे पाठ करून शेजारच्या घराच्या दिशेने चालू लागायची. सोबतची माणसं मागून हाका मारत, "खाला, जागा इकडं हाय." ती वळूनही न बघता म्हणायची, "ती कुठं पळत न्हाय. मला तहान लागलीय."

तहान लागलेली असो नसो, ती त्या घराच्या पायरीशी उभी राहून हाक द्यायची, "बाय, पाणी मिळंल का घोटभर?" पाणी आलं तरी उभ्याने प्यायची नाही. आधी बसायची. कोणी पाट दिला तर पाटावर, चटई टाकली तर चटईवर, आणि कोणी काहीच बोललं नाही तर पायरीवर. ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणायची आणि थांबत थांबत तीन घोटांत पाणी प्यायची. मग गप्पा सुरू. विहीर कुठं आहे, मे महिन्यात पाणी राहतं का, पावसात रस्ता असतो का, लाईट गेली की परत येते कधी. समोरच्या बाईला वाटायचं, म्हातारी दमलीय, जरा टेकलीय. आपल्याला काही विचारून घेतलं जातंय हे तिला कळायचंही नाही.

काही घरांत तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तेही ती प्यायची. ओढणीला हात पुसायची, "अल्ला भलं करो" म्हणायची, आणि रिक्षात बसल्यावर एवढंच सांगायची, "इथं न्हाय."

घर पसंत पडलं तर मात्र ती पायरीवरून उठताना छत्री उघडायची आणि म्हणायची, "चला, आता जागा बघू." हे शब्द ऐकायला माणसं वाट बघत असायची. कितीतरी जण ते न ऐकताच घरी परत आले.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. आमच्याकडे पैसा आखातातून येवो की मुंबईतून, शेवटी तो जमिनीत जातो. मुलगी बघायला जाताना जसं घरातलं एक जाणतं माणूस नेतात, तसं जागा बघायला खालाला नेत. खाला म्हणजे मावशी, सगळ्या गावाची; ती दलाल नव्हती. कोणाकडून काही घ्यायची नाही. तिच्या दोनच अटी असायच्या. रिक्षा असो वा गाडी, तिला पुढे बसायचं असे, आणि परतताना म्हसळ्याच्या स्टँडवर गरम भजी आणि पाव. भजी थंड असली तर ती दिवसभराचं सगळं विसरून भजीवाल्याशीच भांडायची.

कागदपत्रांत ती पडत नसे. कोणी सातबारा पुढे केला तर हात मागे घ्यायची. "कागद वकिलाला दाखव. वकिलाला जे दिसतं ते मला दिसत न्हाय, आणि मला जे दिसतं त्याचा तो पैसा घेत न्हाय."

तिचं घर आमच्या आळीच्या टोकाला, सुपारीच्या वाडीत. नवरा कुवेतला होता, दोन वर्षांतून एकदा यायचा. तो वारल्यावरही ती त्याच्याबद्दल बोलताना "आमचे येतील तेवा" असं म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. मुलगा तिकडेच राहिला, मुलगी मुंब्र्याला दिली. वाडीत खाला एकटी. वादळात तिच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या तेव्हा ती पायरीवर बसून एकेका झाडाचं नाव घेत होती. तिने झाडांना माणसांची नावं ठेवली होती हे आम्हाला तेव्हा कळलं.

ही पाणी मागायची सवय तिला कशी लागली ते तिनेच मला सांगितलं, आणि तेही तिच्या बंगल्यावर.

नवऱ्याने कुवेतहून पाठवलेल्या पहिल्या मोठ्या पैशांतून खालाने जागा घेतली ती अगदी समुद्राला लागून. सुरूची चार झाडं, पुढे वाळू, पुढे पाणी. तेव्हा तिला कोणाला विचारायचं कळत नव्हतं. समुद्र बघितला आणि पैसे दिले. आमचे परत आले की इथं झोपाळ्यावर बसतील, एवढंच डोक्यात. नंतर बांधायला गेली तर कळलं, भरतीच्या रेषेच्या इतक्या जवळ घर बांधायला परवानगीच नाही. कुंपण नाही, विहीर नाही, काही नाही.

"मंग खालू काय म्हणाले?" मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"काय म्हणणार. आले, जागेवर गेले, वाळूत बसले. बराच वेळ बसले. मंग म्हणाले, हवा चांगली हाय."

त्या जागेच्या मागच्या बाजूला एका कोळ्याचं जुनं घर होतं. व्यवहार होऊन गेल्यावर एकदा उन्हात चक्कर आली म्हणून खाला तिथे पाणी मागायला गेली. त्या बाईने पाणी दिलं आणि बोलता बोलता सांगितलं की आम्हाला साधी मोरी बांधू देत नाहीत, सरकारी माणसं येऊन मोजून जातात. खाला मला म्हणाली, "हेच पाणी मी आधी मागितलं असतं तर?"

पण तिने ती जागा टाकून दिली नाही. ईद झाली की दुसऱ्या दिवशी ती चटई, डबा आणि थर्मास घेऊन तिथे जायची. "बंगल्यावर चला," असं बोलावणं यायचं. आम्ही आळीतल्या बायका जायचो, वाळूत बसून शिरखुर्मा खायचो. एकदा फिरायला आलेला पुण्याचा एक माणूस विचारायला लागला, "आजी, ही जागा कोणाची? विकायची आहे का?" खाला म्हणाली, "ही जागा न्हाय, बंगला हाय. तुम्ही दिवाणखान्यात चप्पल घालून उभे आहात." तो बिचारा खरंच दोन पावलं मागे सरला.

तिचं सगळंच बरोबर यायचं असंही नाही. मी दिवेआगरला ज्या वैनींच्या घरगुती खानावळीत स्वयंपाक करते, त्यांना खाडीकाठची एक जागा आवडली होती. खालाला नेलं. शेजारच्या घरी खालाने हाक मारली तर बाईने आतूनच ओरडून सांगितलं, "माठ दारात हाय, घ्या तुमचं तुम्ही." उठलीसुद्धा नाही. खाला परत फिरली. "इथं न्हाय." वैनींनी ऐकलं. पुढे ती जागा दुसऱ्याने घेतली, तिथे हॉटेल काढलं, आणि शनिवार-रविवारी तिथे गाड्या लावायला जागा मिळेना. मग कळलं, त्या शेजारणीचा पाय मोडला होता. ती उठणार कशी?

वैनींनी खालाला कितीतरी वर्षं सोडलं नाही. "खाला, ते बघा तुमचं इथं न्हाय. आज पण भरलंय."

खाला म्हणायची, "दार अर्धं लावलेलं. पाय मोडलाय ते मला कसं दिसणार? मी काय हाडवैद्य हाय?" पण तेव्हापासून तिने एक गोष्ट बदलली. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात, असं दोनदा पाणी मागायचं. एका दिवसावरून माणूस ठरवायचा नाही.

माझी गोष्ट वेगळी होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. नवख्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. दुकानात सुद्धा मी बोट दाखवून वस्तू मागते. आमचे हे रोह्याकडे कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या नोकरीचे पैसे माझ्या नावाने आले. एकदाच आले, पुन्हा येणारे नव्हते. मी दिरांच्या घरात राहत होते. वादळात छप्पर उडालं, घर नव्याने उभं केलं, तेव्हा माझ्या खोलीची भिंत पाडून पुढची खोली मोठी झाली. माझी ट्रंक पडवीत आली. कोणी वाईट बोललं नाही. कोणी विचारलंही नाही.

दिरांचं म्हणणं होतं, पनवेलकडे फ्लॅट घेऊ, तुझे पैसे आणि थोडे आमचे, नाव आमच्या मुलाचं लावू, म्हणजे पुढे भानगड नको. मला नाही म्हणता येत नव्हतं. मी खालाकडे गेले आणि तिच्या पायरीवर बसून नुसती ओढणीला गाठी मारत बसले. ओढणी तिची, वाळत घातलेली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. पडवीत उभी राहून म्हणाली, "पाणी मिळंल का घोटभर?"

जाऊबाई आतूनच म्हणाल्या, "सुमन, खालाला पाणी दे गो."

मी पाणी दिलं. खाला माझ्या ट्रंकेवर बसली, पाणी प्याली. दीर बाहेर आले, पनवेलचं सांगू लागले. तिकडे भाव कसे चढतायत, स्टेशन किती जवळ आहे. खाला ऐकत होती. सगळं झाल्यावर त्यांना म्हणाली, "चांगलं हाय. तुम्ही घ्या."

"आम्ही म्हणजे सगळ्यांनी मिळूनच," दीर म्हणाले. "बाईमाणूस एकटी जागा घेऊन काय करणार?"

"बसंल त्याच्यात," खाला म्हणाली.

जाताना मी तिला आळीच्या वळणापर्यंत पोचवायला गेले. तिथे थांबून तिने विचारलं, "बाय, ह्या घरात पाणी मागणाऱ्याला तू पाणी देतेस. तुला तहान लागली तर कोण देतं?"

ती छत्री टेकत निघून गेली.

मग आम्ही जागा बघायला लागलो. पहिली बघितली ती माणगावजवळ, हायवेपासून थोडं आत. एजंट गाडी घेऊन आला. खाला पुढे बसली, मी मागे. मोठी कमान, दोन्ही बाजूंना फुलझाडं, आत आखलेले रस्ते आणि प्रत्येक प्लॉटला नंबराची रंगवलेली खुंटी. मला तर ते बघूनच आवडलं. कमानीतून आत जाताना आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. एजंट मुलगा गोड बोलायचा. "काकी, पाच वर्षांत दुप्पट. आज घेणारा हसणार, उद्या येणारा रडणार."

"मला तहान लागलीय," खाला म्हणाली.

त्याने लगेच गाडीतून थंड बाटली काढली.

"बाटलीतलं न्हाय. घरातलं."

"काकी, इथं घर कुठाय? तेच तर. एकदम शांत."

"मंग मी जाते कुठं हाय ते बघत."

ती निघाली. शेताच्या बांधावरून आम्ही दोघी आणि मागे बूट सांभाळत तो. एक घर सापडलं. म्हातारा गोठ्याशी बसला होता. त्याने लाजत अर्धा पेला पाणी आणून दिलं. "टँकर उद्या यायचाय, आई. आज एवढंच." खालाने एक घोट घेतला आणि उरलेलं परत त्याच्या हातात दिलं. मग गप्पा निघाल्या. पावसात काय होतं विचारल्यावर म्हातारा हसला आणि गोठ्याकडे बोट केलं. त्याची गाय एका रंगवलेल्या खुंटीला बांधली होती. खुंटीवर नंबर होता.

"नाल्याला पूर आला की त्यांच्या खुंट्या माझ्या शेतात येतात," तो म्हणाला. "लाकूड चांगलं हाय. ही मी ठेवून घेतली."

खालाने एजंटला विचारलं, "बाबा, तो नंबर कोणाचा रं? त्याला सांग, तुझ्या प्लॉटवर गाय राहते."

परत येताना म्हसळ्याला उतरल्यावर खालाने एजंटला पण भजी खायला घातली. "पोरगा वाईट न्हाय," ती मला म्हणाली. "त्याला कोणी पाणी मागायला शिकवलं न्हाय."

त्यानंतरही बघितल्या. एक चौलची, वाडीतली, इतकी सुंदर की मी रात्री स्वप्नात बघितली, पण ती माझ्या ऐपतीची नव्हती. एक रस्त्याच्या वळणावरची, तिथे दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते आणि जागा दोघांची होती. माझा धीर सुटत चालला होता. घरी जाऊबाई हसत म्हणायच्या, "काय, आज किती पाणी प्यालात?" दिरांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीनंतर पनवेलचं पक्कं करायचं.

म्हसळ्याच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापासून जवळ, एका गावठाणात घरापुरती जागा आहे असं कळलं. उन्हाळ्याचे दिवस होते. रिक्षा थांबली. खाला पुढच्या सीटवर बसून राहिली.

"उतरायचं ना, खाला?"

"माझे गुडघे दुखतात. आज तू माग."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला माझा स्वभाव माहीत होता. रिक्षावाला आरशातून बघत होता. खालाने छत्री माझ्या हातात दिली आणि तोंड दुसरीकडे केलं.

मी गेले. मातीची पडवी, सारवलेली. एक वयस्कर बाई तांदूळ निवडत बसली होती. मी पायरीशी उभी राहिले. तोंड उघडलं, आवाज आला नाही. छत्री मिटलेली हातात, डोक्यावर ऊन. मला रडू यायला लागलं. त्या बाईने मान वर केली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. "उन्हात का उभी हायस? वर ये," असं म्हणून तिने पाट सरकवला. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. कोण, कुठली, काय पाहिजे, काही विचारलं नाही. मी पाणी पिऊन होईपर्यंत ती पुन्हा तांदूळ निवडत बसली.

मी रिक्षापाशी परत आले. खालाने विचारलं, "काय म्हणाली मागितल्यावर?"

"मी मागितलंच नाही. बोलता आलं नाही. तिनेच दिलं."

खालाचे गुडघे एकदम बरे झाले. ती उतरली, माझ्या हातातली छत्री घेतली, उघडली. "चल, आता जागा बघू."

आम्ही श्रावणात पुन्हा गेलो, तिच्या नियमाप्रमाणे. चिखल होता, पण पाणी थांबलेलं नव्हतं. त्या बाईंनी, म्हणजे अनसूयाकाकूंनी, मला ओळखलं. "न बोलणारी आलीस गो?" म्हणाल्या. म्हसळ्याच्या वकिलाने कागद तपासले. दिरांना मी स्वतः सांगितलं. बोलताना मी जमिनीकडे बघत होते, पण सांगितलं. जागा छोटी आहे. पुढे त्यावर दोन खोल्या आणि पडवी झाली. भाव वाढला का ते मी कधी विचारलेलं नाही. सकाळची एसटी धरून मी दिवेआगरला वैनींकडे स्वयंपाकाला जाते आणि दुपारच्या गाडीने परत येते.

घर झालं तेव्हा खाला आली नाही. मुलीकडे मुंब्र्याला होती, डोळ्यांचं काहीतरी निघालं होतं. मला वाईट वाटलं होतं. ती आली त्यानंतर थंडीत, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती कायमची गेली. आता तिच्या बंगल्यावर ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्हीच दोघी-तिघी जातो. शिरखुर्मा तिच्यासारखा होत नाही.

त्या थंडीतल्या दुपारी मी पडवीत सांडगे वाळत घालत होते. रस्त्यावर रिक्षा थांबली आणि आधी काळी छत्री बाहेर आली. मी हात पुसत धावले, हाक मारणार तोच खालाने माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले. ती ओळख दाखवत नव्हती. तिच्या मागे एक तरुण बाई होती. आमच्या शाळेवर नव्याने बदलून आलेल्या त्या शिक्षिका, हे मला नंतर कळलं. माझ्या डाव्या हाताची जागा तेव्हा रिकामी होती आणि विकायची होती.

खाला माझ्या पायरीशी आली. फार वाळली होती. म्हणाली, "बाय, पाणी मिळंल का घोटभर?"

मी आत गेले, धुतलेला पेला पुन्हा धुतला. पाट आणून ठेवला. तिला जवळचं दिसत नव्हतं, तिने हाताने चाचपून पाट शोधला आणि बसली. बिस्मिल्ला म्हणाली. तीन घोट. मी इतक्या वेळा तिला असं बसलेलं बघितलं होतं, पण नेहमी बाजूने. समोरून कधी बघितलं नव्हतं.

"विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का गो?"

"शेवटी शेवटी कमी होतं," मी म्हणाले. "थांबून भरावं लागतं."

"पावसात?"

"चिखल होतो. पाणी साचत नाही."

"शेजार कसा हाय?"

शिक्षिकाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "त्या बाजूला अनसूयाकाकू हायत. ह्या बाजूला मीच हाय."

खालाने रिकामा पेला पुढे केला, मी तो घेतला. त्या शिक्षिकाबाई आता शेजारच्याच जागेत राहतात, कुंपणावरून आम्ही एकमेकींना कालवण देतो, आणि खाला माझी कोण होती हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण ते पुढचं. तेव्हा खाला गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठली, छत्री उघडली, आणि माझ्याकडे पाठ करून बाईंना म्हणाली, "चल गो, आता जागा बघू."